बाहेरचं रक्त

आमच्या लग्नाला सासूबाईंनी होकार दिला तो माझ्या रक्तामुळे. हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं, लग्नानंतर काही महिन्यांनी, दोघी मेथी निवडत बसलो होतो तेव्हा.

मी मोरिवलीची. वडील एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत, आई औषधाच्या कंपनीत पॅकिंगला. घर बौद्ध. नवरा उल्हासनगर कॅम्प चारचा, सिंधी. जीन्सला लागणाऱ्या चेन आणि बटणांचं त्यांचं छोटं दुकान आहे. त्याच गल्लीत एका होलसेलवाल्याकडे मी बिलिंगच्या कॉम्प्युटरवर बसायचे. पुढचं सगळ्यांचं होतं तसंच आमचं झालं. माझ्या घरी वडील बरेच दिवस जेवायला बसले की टीव्हीकडेच बघायचे, माझ्याकडे नाही. त्याच्या घरी मात्र वाटलं होतं तेवढी आरडाओरड झाली नाही.

"हमारे में ये बीमारी खून में है, पुट," सासूबाई म्हणाल्या. "मेरी नातिन को तो तू देखती ही है. तो मैंने सोचा, लड़की बाहर की है, अच्छा है. बच्चे ठीक होंगे."

मला राग आला नाही. उलट बरंच वाटलं. निदान कशासाठी तरी मी त्या घरात हवी होते.

नात म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. तेव्हा ती कॉलेजात होती. तिला थॅलेसेमिया मेजर. म्हणजे तिच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही, दर काही आठवड्यांनी बाहेरचं चढवावं लागतं, आणि त्या रक्तातलं लोह अंगात साठत जातं म्हणून ते काढायच्या गोळ्या रोज. उंची शाळकरी मुलीएवढी. गालाची हाडं जरा वर आलेली. नखं मात्र कायम रंगवलेली, आणि जीभ धारदार. मला ती मामी म्हणायची आणि अगं-तुगं करायची. नणंद घरातच जीन्सचे धागे कापायचं काम घ्यायची, तिला दर वेळी हॉस्पिटलला जाणं जमायचं नाही, तेव्हा मी जायचे. दिवसभर त्या वॉर्डात बसायचं. ती कानात हेडफोन घालून रील्स बघणार, मध्येच मला दाखवणार, दुपारी कँटीनमधून समोसा आणायला लावणार. संध्याकाळी रिक्षातून येताना तिचे ओठ गुलाबी झालेले असायचे. मला ते बघायला आवडायचं.

नवरा स्वतः मायनर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मायनर म्हणजे त्याला काही होत नाही, पण त्याच्याकडून पुढे जाऊ शकतं. नवरा आणि बायको दोघंही मायनर असली तरच मूल मेजर होण्याची भीती. मी बाहेरची, म्हणून माझी तपासणी करायचं कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

दिवस राहिले. कॅम्पातल्याच एका नर्सिंग होममध्ये नाव घातलं. डॉक्टरबाई मराठी, माझ्या आईच्या वयाच्या. पहिल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, "तुमचं हिमोग्लोबिन कधीपासून कमी आहे?"

"शाळेपासून. शाळेत लोहाच्या गोळ्या द्यायचे. नंतरही सारख्या घेतल्या."

"आणि वाढलं?"

"नाही."

"तुमच्या शरीरात लोह कमी नाहीये," त्या म्हणाल्या. "भरपूर आहे. मिस्टरांना पण बोलवा. मला दोघांची एक वेगळी तपासणी करायची आहे."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला ती तपासणी कोणती ते ठाऊक होतं. तो म्हणाला, "मॅडम, मेरा है. पण हिचं कसं असेल? ही तर मराठी आहे."

"मराठी लोकांतही असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सिंध्यांना माहीत असतं, बाकीच्यांना माहीत नसतं. एवढाच फरक."

रिपोर्ट आला. मी मायनर.

मला आठवतं ते एवढंच, की नर्सिंग होमच्या खाली उसाचा रसवाला होता, त्याच्या यंत्राला घुंगरं लावलेली होती, आणि आम्ही दोघं तिथे उभे राहून रस प्यायलो. तो म्हणाला, "चान्स असतो फक्त. प्रत्येक वेळी होतंच असं नाही." मी म्हणाले, "हो." रसात बर्फ जास्त होता. घरी जाऊन मी कपडे वाळत घातले.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची चुनरी सारखी केली आणि टिकाण्यावर, त्यांच्या देवळात, गेल्या. बऱ्याच वेळाने प्रसादाचा शिरा घेऊन आल्या, माझ्या हातावर ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी "बाहर की" हा शब्द कधी उच्चारला नाही.

आईला मोरिवलीला जाऊन सांगावं लागलं. आई-वडिलांचंही रक्त तपासा असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. वडिलांचं नॉर्मल निघालं. आईचं माझ्यासारखं. आई जन्मभर पांढरीफटक. कंपनीतल्या बायका तिला चिडवायच्या, चपातीला लावायचं पीठ तोंडाला लावून येतेस का म्हणून. रिपोर्ट मी वाचून दाखवला. ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"म्हणजे माझ्याकडून गेलं तुला."

"आई, तसं नसतं ते."

"तसंच असतं. तू आत्ता वाचलंस ना."

तिने पुन्हा नळ सोडला. मी मागे उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं, पण तेव्हापासूनच माझ्यात काहीतरी मंद झालं होतं. शब्द येईपर्यंत वेळ निघून जायची. आईने भांडी पालथी घातली, हात पुसले आणि विचारलं, "बोंबील खाशील का? करते."

मी खाल्ले. चव लागली नाही, तरी दोनदा वाढून घेतले.

पोटातल्या बाळाची तपासणी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात झाली. पोटातून सुई घालून वारेचा एक लहानसा तुकडा काढतात. तिथल्या मुलीने मला आधी नीट समजावलं, थोडा धोका असतो तेही सांगितलं, मग विचारलं, "भीती वाटते का?" मी नाही म्हणाले. खरंच वाटत नव्हती. पडद्यावर ते हलत होतं. हात असावा, तो वर गेला आणि खाली आला. मी छताकडे बघत राहिले. छतावर पाण्याचा डाग होता.

रिपोर्टची वाट बघण्याचे दिवस मी नेहमीसारखे घालवले. कामावर गेले. बिलं मारली. शेठ म्हणाला, तब्येत ठीक आहे ना, मी म्हणाले हो. नवरा घरी आला की माझ्या पोटाकडे बघायचा नाही. आधी तो बघायचा, हातही ठेवायचा. मीही हात ठेवायचं सोडलं होतं. पोटाला हात लागू नये म्हणून झोपताना मी दोन्ही हात उशीखाली घ्यायला लागले.

रिपोर्ट मेजरचा आला.

डॉक्टरबाईंनी आम्हाला सगळ्या पेशंट गेल्यावर बोलावलं. त्यांनी काही लपवलं नाही, काही वाढवूनही सांगितलं नाही. मूल जन्माला येईल, सुरुवातीला चांगलं दिसेल. मग रक्त लागायला लागेल. नीट उपचार झाले तर ते मोठं होईल, शिकेल, नोकरीही करेल. कधी बोन मॅरो जुळला तर बरं होण्याचीही आशा असते, पण ते धरून चालता येत नाही. आणि पुढे जायचं नसेल, तर कायद्याने परवानगी आहे, पण लवकर ठरवावं लागेल.

"तुम्ही काय केलं असतं?" नवऱ्याने विचारलं.

"ते मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात एक मुलगी आहे. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

खरी अडचण तिथेच होती. दुसऱ्या कुणासाठी मेजर हा रिपोर्टवरचा शब्द असेल. माझ्यासाठी त्याला चेहरा होता, रंगवलेली नखं होती, समोशाबरोबर हिरवी चटणी जास्त आण म्हणून सांगणारा आवाज होता. नाही म्हणायचं म्हणजे तिला नाही म्हणायचं, असं वाटायचं. आणि हो म्हणायचं ठरवलं की दुसरंच डोळ्यांसमोर यायचं. लहान असताना तिची शीर सापडायची नाही म्हणून चार जणी तिला धरून ठेवायच्या, हे नणंदेनेच मला सांगितलं होतं.

नवरा म्हणाला, "तू बोल, मी ऐकेन." मी म्हणाले, "तू बोल." आम्ही भांडलोसुद्धा नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

नणंद आली ती एका दुपारी, धाग्यांचं काम आटपून. केसांना निळे धागे चिकटलेले. सासूबाई आत झोपल्या होत्या. ती माझ्याजवळ पलंगावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मुझे किसी ने पूछा नहीं था. हमारे टाइम पता ही नहीं चला, वो छह महीने की हुई तब मालूम पड़ा."

"पूछा होता तो?" मी विचारलं.

तिने दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "वो मैं नहीं बोल सकती. वो जिंदा है ना."

ती उठून गेली. जाताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. धागे माझ्याही केसांना लागले.

त्याच आठवड्यात भाचीचा रक्त चढवायचा दिवस होता. नणंदेकडे ऑर्डर होती. मी जाते म्हणाले. मला सगळ्यांनी नको म्हटलं, तरी गेले. घरात बसून राहण्यापेक्षा ते सोपं होतं.

वॉर्ड नेहमीचाच. खिडकीशी एक लहान मुलगा आईच्या मांडीवर, सुई हलू नये म्हणून त्याच्या हाताला पुठ्ठा बांधलेला. भाचीची पिशवी लागली, थेंब सुरू झाले. तिने हेडफोन काढून ठेवले.

"मामी, घरात सगळे माझ्यासमोर गप्प होतात," ती म्हणाली. "मी काय येडी आहे का? मेरे जैसा है ना?"

"हो."

"मग?"

"माहीत नाही."

तिने पिशवीकडे बघितलं. "एक सांगू? बच्चे को तकलीफ नहीं देनी, इसलिए, असं बोलू नकोस. सगळे तेच बोलतील बघ. तकलीफ मला पण आहे. पण मी संडेला दाल-पकवान पण खाते, पिक्चरला पण जाते. तकलीफ म्हणजे मी नाही."

"मी असं कुठे बोलले?"

"बोलशील. तुला जे करायचंय ते कर. मला बघून डिसाइड करू नकोस, बस. ना हां के लिए, ना ना के लिए. मला त्याच्यात घेऊ नको."

मी मान हलवली. तिने हेडफोन घातले. मी समोसा आणायला गेले. परत आले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, पण ती झोपली नव्हती. मी पुडी तिच्या उशाशी ठेवली. तिने ती उघडली नाही.

तिने सांगितलं ते मला जमलं नाही. तिला बाजूला ठेवून विचार करायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. जे माहीत होतं ते सगळं तिच्याकडूनच माहीत होतं. दोन दिवसांनी सकाळी, नवरा दुकानाची चावी शोधत असताना मी त्याला म्हणाले, "नको. पुढे नको जायला."

तो चावी शोधायचा थांबला. "नक्की?"

"नक्की नाही. पण नको."

"ठीक है," तो म्हणाला आणि खुर्चीवर बसला. त्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही.

ते हॉस्पिटलातलं मी फार सांगणार नाही. गोळ्या ठेवल्या, मग कळा आल्या. आई आली होती. तिने माझ्या कमरेला हात लावून ठेवला होता, तो शेवटपर्यंत काढला नाही. पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी बाळंतपण झालं असावं, पेढे वाटल्याचा आवाज येत होता. नर्सने विचारलं, बघायचं आहे का. आईने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणाले. मुलगा की मुलगी तेही मी विचारलं नाही. नंतर आई बाहेर गेली आणि भिंतीकडे तोंड करून वंदना म्हणायला लागली, अगदी पुटपुटत. तेवढं मला ऐकू आलं. मला रडू आलं नाही. मला भूक लागली होती.

बिल्डिंगमध्ये सासूबाईंनी सांगितलं की आपोआप पडलं. सगळ्या बायका येऊन बसून गेल्या. एकीने नारळपाणी आणलं. "पुन्हा होईल गं, तरुण आहेस," असं जी ती म्हणाली, आणि प्रत्येकीला मी हो म्हणाले. खोटं बोलतेय असंही वाटलं नाही. दुसऱ्याच कुणाबद्दल तरी बोलणं चाललंय असं वाटायचं.

भाची आली नाही. नणंद यायची, डबा ठेवून जायची, मुलीबद्दल काही बोलायची नाही. मीही विचारलं नाही. पुढच्या रक्ताच्या वेळी नणंद स्वतः गेली. त्याच्या पुढच्या वेळीही. मी कामावर परत लागले. जेवत होते, हसण्यासारखं काही झालं तर हसत होते. फक्त सगळं काचेच्या पलीकडे असल्यासारखं. नवऱ्याने एकदा विचारलं, कुठे फिरायला जायचं का. आम्ही बदलापूरला नदीवर गेलो, बांधावर बसलो. त्याने दगड पाण्यात टाकले. माणसं म्हशी धूत होती. मग परत आलो.

बऱ्याच दिवसांनी भाचीचा फोन आला. "मामी, उद्या येणार का? मम्मीला ऑर्डर आहे."

"येते," मी म्हणाले.

त्या दिवशी ती नेहमीसारखीच होती. रील्स दाखवल्या, नर्सशी वाद घातला. मला वाटलं ती विषय काढेल. तिने काढला नाही. मीही काढला नाही. तिने मला माफ केलं का, की माफ करण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं, की तिला नुसता समोसा आणणारं माणूस हवं होतं, मला आजही सांगता येणार नाही.

पुढे मला पुन्हा दिवस राहिले. पुन्हा तीच तपासणी, तीच सुई. या वेळी मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त नवऱ्याला. रिपोर्ट मायनरचा आला. डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या आणि म्हणाल्या, "अभिनंदन." नवरा तिथेच रडला, मोठ्याने, रुमाल शोधत. मी त्याला माझी ओढणी दिली. मला आनंद होईल याची मी वाट बघत होते. घरी येऊन सांगितलं, सासूबाईंनी मला छातीशी धरलं, आईने फोनवर बराच वेळ मला काही बोलूच दिलं नाही. मी वाट बघत राहिले. तो आला, पण फार उशिरा आणि थोडा थोडा. मुलगी झाल्यावर, तिला अंघोळ घालताना वगैरे.

ती आता चालते. तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मायनर लिहिलेलं आहे. लग्नाच्या वयाची झाली की तिलाही हे सगळं सांगावं लागेल. मोरिवलीत माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला आणि मुलाला आधी रक्त तपासून घ्या म्हणाले. काकू चिडल्या, शुभ कार्यात हे काय काढलंस म्हणाल्या. आई बोलायला उभी राहिली. तिला चारचौघांत बोलायची सवय नाही. "माझ्याकडून गेलंय," ती म्हणाली, "मला विचारा." दोघांनी तपासून घेतलं. काही निघालं नाही. काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

कॅम्पातली नणंदेची बिल्डिंग धोकादायक ठरली, म्हणून ती माणसं आता बदलापूरला राहतात, चामटोलीच्या बाजूला, नव्या सोसायटीत. भाचीची पदवी झाली. एका ऑफिसात ती अकाउंट्स बघते, रक्ताच्या दिवशी सुट्टी घेते आणि एकटीच जाते. मध्यंतरी मी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले होते. जेवण झालं. भाची म्हणाली, "मामी, तू जरा पड. हिला मी बघते." मी आतल्या खोलीत आडवी झाले आणि कधी नव्हे ती गाढ झोपले. जाग आली तेव्हा उन्हं खिडकीवरून सरकली होती. बाहेर दोघींचा आवाज येत होता. भाची तिला काहीतरी शिकवत होती, माझी मुलगी ते चुकीचं म्हणत होती, आणि भाची पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. त्यांनी मला हाक मारली नाही. मी पडून ऐकत राहिले.